पायलीभर तुरीचा गुन्हा

वकिलीच्या आरंभीच्या काळातील एक खटला प्रस्तुत लेखकाच्या मनातून अद्याप गेलेला नाही. बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या एका तालुक्याच्या गावी तो चालला होता. आरोपी साठी उलटलेली एक विधवा होती. गावातील एका खातेदाराच्या खळ्यावरून पायलीभर तूर चोरली, असा तिच्यावर आरोप. दोषारोप कानडीत वाचला गेला. बाईची भाषा मराठी. मी तो तिला मराठीत समजावून सांगितला, तेव्हा ती चटकन म्हणाली, “चोरी कशाची, वकीलसाहेब? म्या सरवा येचला.”

सरवा म्हणजे काय, हे खेड्यात वाढलेल्या वाचकास सांगावयास नको. पीक निघाल्यावर शेतात आणि खळ्याभोवती जे कणीस, जी शेंग, जे दाणे पडून राहतात, ते वेचून नेण्याची मुभा गोरगरिबांना असते. ही मुभा आमच्या दंडसंहितेत कोठे लिहिलेली नाही; परंतु दक्षिणेतील खेड्यांत ती पिढ्यान् पिढ्या पाळली गेली आहे. फिर्यादीचे म्हणणे असे की, बाईने सरवा वेचला नाही, राशीतूनच ओटी भरली. दोघांपैकी खरे कोण बोलत होते, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. खटला दोन वर्षे रेंगाळला. तारखांना येण्याजाण्यास बाईला जे बसभाडे पडले, त्यात तशी कितीतरी तूर विकत आली असती. साक्षीच्या दिवशी मुद्देमालाची पोटली उघडली, तेव्हा कीड पडून निम्म्या दाण्यांचे पीठ झालेले होते. अखेर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाखाली समज देऊन न्यायालयाने तिला सोडून दिले. निकाल दयाबुद्धीचा होता. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु बाहेर आल्यावर बाईने मला विचारले, “मग ती तूर कुणाची ठरली?”

मी काहीतरी उत्तर दिले. त्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. प्रश्न दिसतो तितका भोळा नव्हता. लहान चोरी हा एका माणसाचा अपराध आहे, की ते कोणीतरी फेडावयाचे राहून गेलेले देणे आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्या भूमीत तो विचारला गेला, त्या भूमीने गेल्या नऊशे वर्षांत त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती क्रमाने पाहू.

*

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६ ते ११२६) येथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्याचे गाव, असे मानले जाते. आम्हां वकिलांना मिताक्षरा ठाऊक असते ती वारसाहक्काच्या खटल्यांपुरती. कोलब्रुकने १८१० साली तिच्यातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि न्यायालयांनी तेवढाच भाग प्रमाण धरला. परंतु त्याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात स्तेयप्रकरण आहे. उघडउघड बळाने केलेले ते साहस आणि लपूनछपून केलेले ते स्तेय, असा भेद शास्त्रकार करतात. स्तेयाचा विचार मात्र ते एकाच मापाने करीत नाहीत.

याज्ञवल्क्य सांगतो की, चोरलेली वस्तू क्षुद्र आहे, मध्यम आहे की मोठी आहे, हे पाहून दंड ठरवावा. आणि दंड ठरविताना देश, काळ, वय व शक्ती यांचा विचार करावा. क्षुद्र म्हणजे काय, याचा उलगडा विज्ञानेश्वर नारदाच्या आधाराने करतो. मातीची भांडी, आसने, खाटा, हाडे, लाकूड, कातडे, गवत, शेंगेतील धान्य आणि शिजविलेले अन्न ही क्षुद्र द्रव्ये. भात आणि जव मध्यम वर्गात. सोने, रत्ने, रेशीम, गाय, हत्ती, घोडा हे उत्तम वर्गात. शेंगेतील धान्य म्हणजे मूग, उडीद, तूर यांसारखी द्विदल धान्ये. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती तूर नऊशे वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या कायद्यात क्षुद्र द्रव्य ठरली असती. अशा किरकोळ वस्तूंच्या एका लांबलचक यादीला मनूने दंड सांगितला आहे तो मुद्देमालाच्या किमतीच्या दुप्पट.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती क्रमाची. चोराकडून चोरीचा माल आधी परत देववावा आणि मग त्याला शिक्षा करावी, असे याज्ञवल्क्याचे सांगणे. चोर सापडलाच नाही तर काय? तर गावात चोरी झाली आणि चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर दोष गावाच्या प्रमुखाचा. माग ज्या गावाच्या शिवेत जाईल त्या गावाने भरपाई द्यावी; शिवेबाहेर कोसभर अंतरावर चोरी घडली तर पाच किंवा दहा गावांनी मिळून द्यावी. आणि राजाविषयी तर स्पष्टच म्हटले आहे की, चोरांनी नेलेले द्रव्य राजाने प्रजेला द्यावे. न देईल तर ते पाप त्याला लागते. म्हणजे ज्याचे गेले त्याचे भरून देणे हे पहिले काम. त्यासाठी चोर, गाव, पंचक्रोशी आणि अखेरीस राजा, अशी जबाबदारीची उतरंड लावलेली आहे.

मनूने एक लहानसा अपवादही सांगितला आहे. वाटेने जाणाऱ्या ज्या द्विजाची शिदोरी संपली आहे, त्याने परक्याच्या शेतातून दोन ऊस आणि दोन मुळे घेतले, तर त्याला दंड नाही. भुकेची दखल कायद्याने घेतल्याचे हे जुने उदाहरण होय. परंतु ते वाचताना ‘द्विज’ या शब्दावर थांबावे लागते. भूक सर्वांस सारखी लागते. ही सवलत मात्र सर्वांस नव्हती. माझ्या पक्षकार बाईला ती मिळाली नसती.

जुन्या कायद्याचे गोडवे गाण्याचा मोह येथेच आवरला पाहिजे. त्याच स्तेयप्रकरणात ‘उत्क्षेपक’ आणि ‘ग्रंथिभेदक’ यांना, म्हणजे वस्त्रे उचलून नेणाऱ्याला आणि गाठ कापणाऱ्याला, पहिल्या अपराधाबद्दल अंगठा व तर्जनी तोडण्याची आणि दुसऱ्या अपराधाबद्दल एक हात व एक पाय तोडण्याची शिक्षा सांगितली आहे. ब्राह्मणाला देहदंड नाही. त्याला डाग देऊन देशाबाहेर घालवावे, इतकेच. ‘उत्क्षेपक’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

याच कल्याणात विज्ञानेश्वरानंतर काही दशकांनी बसवेश्वर आणि शरणमंडळी एकत्र आली. त्या मंडळींत कन्नद मारितंदे नावाचा एक शरण होता. ‘कन्न’ म्हणजे घरफोडीसाठी भिंतीला पाडलेले भोक. पूर्वीचा घरफोड्या असलेला हा मनुष्य शरण झाल्यावर वचनकार म्हणून ओळखला गेला. त्याच्या पूर्वीच्या धंद्याचे नाव त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिले, पण त्याला मंडळींत जागा मिळाली. ज्या नगरात चोराची बोटे तोडण्याचा नियम लिहिला गेला, त्याच नगरात चोराला पंगतीला बसविणारेही होते.

*

१३४७ साली गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, बहमनी राज्याची राजधानी झाले. अहमदशाह वलीच्या कारकीर्दीत (१४२२ ते १४३६) ती बिदरला गेली. पहिल्या मुहम्मदशाहाने (१३५८ ते १३७५) वाटमाऱ्यांचा बंदोबस्त करताना हजारो मस्तके गुलबर्ग्यास आणविली, असे फेरिश्ता लिहितो. परंतु वाटमारी निराळी आणि भुरटी चोरी निराळी, हा विवेक इस्लामी धर्मशास्त्रातही आहे. सामान्य समज असा की, त्या कायद्यात चोरी म्हणजे हात तोडणे. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही.

हिंदुस्थानातील मुसलमानी न्यायासनांवर बहुधा हनफी पंथाचे शास्त्र प्रमाण मानले जाई. त्याचा मान्य ग्रंथ ‘हिदाया’. त्याचा कर्ता मर्गिनानी ११९७ मध्ये वारला. म्हणजे तो विज्ञानेश्वराहून फार दूरच्या काळातला नव्हे. हनफी शास्त्राप्रमाणे चोरलेली वस्तू किमान दहा दिरहमांची असल्यावाचून हात तोडता येत नाही. वस्तू सुरक्षित ठेवलेली असली पाहिजे. उघड्यावर पडलेली चालत नाही. शिवाय लाकूड, गवत, बोरू, मासे, पक्षी अशा देशात सर्वत्र सहज मिळणाऱ्या क्षुल्लक वस्तूंसाठी, आणि दूध, मांस, ताजी फळे अशा नाशवंत अन्नासाठी ही शिक्षा नाही. तेथे काझीने आपल्या समजुतीने सौम्य शिक्षा करावी. खलिफा उमर यांनी इसवी सन ६३९ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात हात तोडण्याची शिक्षाच स्थगित केली होती, ही गोष्ट मुसलमानी विधिशास्त्रात वारंवार सांगितली जाते.

नारदाची यादी आणि हिदायाची यादी शेजारी ठेवून पाहावी. लाकूड, गवत आणि अन्न दोन्हींत आहेत. एक शास्त्र गंगेच्या खोऱ्यात वाढले, दुसरे फरगाण्यात लिहिले गेले. त्यांना एकमेकांची वार्ताही नसावी. तरी दोघांनी रेघ ओढली ती जवळपास एकाच जागी. चुलीसाठी, गुरासाठी आणि पोटासाठी जे लागते, ते नेणारा मनुष्य खजिना फोडणाऱ्यासारखा नव्हे, हे दोघांनाही कळले होते.

बिदरच्या बादशाहीशी निगडित एक कथा तर मराठी घरांत मुलांनाही ठाऊक असते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य लुटविले. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. ते वाटेत असतानाच विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंग बिदरला गेला, धान्याची रक्कम त्याने दरबारात भरली आणि पावती घेतली. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येणार नाही. परंतु लोकांच्या न्यायबुद्धीचा पुरावा म्हणून ती मला मोलाची वाटते.

वकिलाच्या नजरेने पाहू गेल्यास दामाजीपंतांचे कृत्य चोरीत बसत नाही. ते लोकसेवकाने केलेल्या विश्वासघातात बसते, आणि १८६० च्या संहितेच्या ४०९ व्या कलमाप्रमाणे त्याला जन्मठेपही देता आली असती. कथेतील देवाने काय केले ते पाहावे. धान्य बादशहाचे नव्हते, असा वाद त्याने घातला नाही. भुकेल्याला सर्व माफ असते, असेही तो म्हणाला नाही. त्याने देणे चुकते केले आणि पावती मागितली. बादशहाचे बादशहाला मिळाले, भुकेल्यांचे प्राण वाचले, दामाजी सुटले. आणि हे करावयास तो आला तो महाराच्या वेषात. सरकारी वसूल ठाण्यावर पोचविणे हे वतनदार महाराचे नित्याचे काम होते. म्हणजे लोककथेने भुकेचे देणे फेडण्याची जबाबदारी दिली ती गावाच्या वतीने सरकारात जाणाऱ्या माणसाकडे.

*

याज्ञवल्क्याने सांगितलेली गावाची जबाबदारी ही नुसती पोथीतील गोष्ट नव्हती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे काम वर्णिले आहे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तेथील राखणदाराच्या हवाली करावयाचा. आणि जेथे माग संपेल त्या गावावर भरपाईचा बोजा. कोठे हे काम रामोशांकडे, कोठे महार-मांगांकडे, तर आमच्या सीमाभागात तळवाराकडे असे. या व्यवस्थेत जुलूम होता. राखणदाराने चोर दिला नाही तर तोच भरडला जाई. तरी ज्याचे गेले त्याला ते मिळावे, ही जाणीव तीत जिवंत होती.

निजामाच्या चाकरीत असताना मेडोज टेलर या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तुळजापुरी केलेला एक न्याय त्याच्या आत्मचरित्रात आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील ही हकीकत. पिठात वाळू मिसळून वजन वाढविणाऱ्या दुकानदारांविरुद्ध यात्रेकरूंनी गाऱ्हाणे घातले. टेलरने त्यांना दंड केला नाही, फटकेही मारले नाहीत. त्यांच्याच पिठाच्या भाकरी करवून त्यांना खावयास लावल्या. लहान चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओटीत दाणे भरणारी बाई उभी राहते. तराजूमागे बसून चिमूटचिमूट चोरणारा सहसा उभा राहत नाही, म्हणून ही गोष्ट सांगितली.

*

इंग्लंडात या वेळी काय चालले होते? तेथे बारा पेन्सांपर्यंतच्या मालाची चोरी लहान आणि त्यावरची मोठी, असा प्राचीन भेद होता. मोठीला फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी झाली तर फाशी टळणे कठीण. म्हणून दयाळू पंच मालाची किंमत मुद्दाम एकोणचाळीस शिलिंग ठरवीत. १७८८ साली तेथील न्यायालयाने सरवा वेचणे हा गोरगरिबांचा हक्क नव्हे, असा निर्णय दिला. आणि १८२७ साली लहान-मोठ्या चोरीचा भेदच कायद्याने रद्द केला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८३७ मध्ये, मेकॉलेच्या आयोगाने हिंदी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून अमलात आलेल्या त्या संहितेच्या ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या आहे. कायद्याच्या भाषेचा नमुना म्हणून ती उत्तमच आहे. अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव आणि वस्तू हलविणे, एवढे जुळले की चोरी झाली. वस्तू काय, किती, कोणाची, कशासाठी, यांपैकी एकही प्रश्न त्या व्याख्येत नाही. पायलीभर तूर असो की लाखाचा दागिना, ३७९ व्या कलमाखाली कमाल शिक्षा तीच, तीन वर्षे.

मेकॉलेला ही अडचण दिसत नव्हती असे नाही. दुसऱ्याच्या दौतीत लेखणी बुडविली तरी या व्याख्येने चोरी होते, हे त्याच्याच टिपणात आहे. म्हणून ९५ वे कलम आले: समंजस मनुष्य ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा अपराध नव्हे. परंतु पायलीभर तुरीची तक्रार होते, आणि ती करणाराही बहुधा समंजसच असतो. तेव्हा ९५ वे कलम दौतीतल्या शाईपुरते राहिले. शिक्षा देताना न्यायाधीशाला मोकळीक होती, हे खरे. पण १८६४ च्या कायद्याने चोरीला फटक्यांचीही शिक्षा ठेवली आणि ती १९५५ साली बंद होईपर्यंत कमीअधिक रूपात चालू राहिली.

बिदर व गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे दंडाचा कायदा स्वतंत्र, उर्दूत आणि ‘ताजीराते आसफिया’ या नावाचा होता. परंतु त्याचा साचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या संहितेचाच. मराठी आणि कानडी शेतकऱ्याला त्याचा गुन्हा उर्दूत ऐकविला जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य भारतात विलीन झाले. १ एप्रिल १९५१ पासून १८६० ची संहिता येथे प्रत्यक्ष लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्यांची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदरचे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात राहिले. न्यायालयाची भाषा बदलली, कलम ३७९ तेच राहिले. कोकणी वाचकांस येथे गोव्याची आठवण होईल. तेथे १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता होती आणि तीत चोरीची शिक्षा मालाच्या किमतीप्रमाणे चढत जाई. मुक्तीनंतर १९६२ च्या विनियमाने तेथेही १८६० ची संहिता नेण्यात आली आणि ती पायरी नाहीशी झाली. दिवाणी बाबतीत गोव्याने आपला जुना वारसा जपला, फौजदारीत तो गेला.

व्याख्येतून माणूस वगळला गेला, तो दुसऱ्या दाराने परत आला. पण किती विपरीत रूपात! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच चोर ठरविल्या. १९११ साली तो कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्यात आला आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचे नियम झाले. आमच्या शेजारी सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि तेथील माणसांना हजेरी लावावी लागे. शेतात चोरी झाली की माग काढण्याची जरुरी उरली नाही. पाल उठवून माणसे धरून आणली की काम झाले. पूर्वी पायाचा ठसा गावापर्यंत जाई आणि गाव उत्तरदायी होई. आता ठसा जातीवर उमटला आणि गाव मोकळे झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले. कर्नाटकाचा १९६१ चा आहे. ‘उत्क्षेपक’ शब्द ध्यानात ठेवण्यास सांगितले होते, ते यासाठी. त्याचे सरळ मराठी ‘उचल्या’. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील धनेगावात याच नावाच्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कल्याणच्या ग्रंथात ज्याची बोटे तोडावयाची होती, त्याच बोटांनी लिहिलेली ती फिर्याद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत गुन्हेगार मानणारे नियमही त्यांत होते. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले.

*

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या ३०३ व्या कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल आणि आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल, तर मालाची किंमत किंवा माल परत केल्यावर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. पाच हजारांखालील चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. १८६० साली पुसलेली रेघ १६३ वर्षांनी, २०२३ च्या या संहितेत, पुन्हा ओढली गेली. आधी परतफेड, मग दंड, हा याज्ञवल्क्याचा क्रमही, जाणून असो की नकळत, परत आला. या सुधारणेचे स्वागत केले पाहिजे. माझ्या पक्षकार बाईला कोठडी पाहावी लागली नसती.

तरी त्या परंतुकाकडे खटल्याच्या अंगाने पाहिले की तीन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, भुकेने चोरलेले अन्न खाल्ले जाते. ते परत कसे करावयाचे? किंमत भरावी म्हटले, तर ती जवळ असती तर चोरी झालीच नसती. म्हणजे ज्याच्यासाठी दया आहे, त्यालाच तिच्या दाराशी मोल द्यावे लागते. दुसरी गोष्ट ‘प्रथमच’ या शब्दाची. ज्या वस्तीतील माणसे पिढ्यान् पिढ्या संशयावरून धरली गेली आणि वकील नसल्यामुळे गुन्हा कबूल करून मोकळी झाली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या नावावर आधीचा एखादा गुन्हा नसेल? दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी ठेवलेली आहे, आणि तेथे तुरीची किंमत विचारण्याची सोय नाही.

तिसरी गोष्ट फिर्यादीच्या बाजूची आहे आणि तीही तितक्याच आस्थेने सांगितली पाहिजे. लहान चोरीचा बळी बहुधा लहानच असतो. मजुराची सायकल, विधवेची कोंबडी, अल्पभूधारकाच्या मोटारीची वायर यांची किंमत पाच हजारांत बसते; पण त्यांवर त्यांचे महिन्याचे पोट असते. अदखलपात्र ठरल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. श्रीमंताच्या घरच्या चोरीचा माग निघेल. गरिबाच्या घरच्या चोरीचा माग काढण्यास तळवार तर उरला नाहीच, पोलीसही नाही. नारदाने किंमत पाहिली नव्हती असे नाही, पण वस्तूही पाहिली होती. पाच हजारांच्या आकड्याला वस्तू दिसत नाही आणि भूकही दिसत नाही.

इटलीतील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका निराधार मनुष्यास निर्दोष सोडले. चार युरोंच्या आसपास किमतीचे चीज आणि मांस त्याने दुकानातून घेतले होते. तातडीच्या भुकेपोटी थोडे अन्न घेणे हा गुन्हा नव्हे, असे ते न्यायालय म्हणाले. हा निर्णय उदार आहे. परंतु त्यानेही एक बाजू अपुरी राहते. दुकानदाराचे चार युरो कोणी भरावयाचे? ते चारच आहेत म्हणून तो बोलणार नाही. पायलीभर तूर गेलेला चार एकरांचा शेतकरी बोलेल.

म्हणून मला दामाजींची कथा पुन्हा आठवते. तिच्यात भुकेल्यालाही न्याय मिळतो आणि ज्याचे धान्य गेले त्यालाही मिळतो. कारण मध्ये पैसे भरणारा कोणी उभा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणे आहेत. निर्धन आरोपीच्या वतीने मालाची किंमत भरण्यासाठी त्यांच्याकडे लहानसा निधी असावा. आरोपीने ती सामुदायिक सेवेने फेडावी, आणि होता होईल तो ती सेवा त्याच गावाच्या उपयोगी पडावी: तळ्यातील गाळ काढणे, शाळेच्या आवारात झाडे लावणे. कोणते काम द्यावे आणि किती दिवस, हे नव्या संहितेने सांगितलेले नाही. तेव्हा ही वाट मोकळी आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. दंडाधिकाऱ्याची इच्छा आणि वकिलाचा एक अर्ज पुरेल. सीमाभागात तो दोषारोप आणि ती शिक्षा आरोपीला समजेल त्या भाषेत सांगितली जावी, हे निराळे सांगावयास नकोच.

त्या बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज मी निराळे देईन. तूर शेतकऱ्याची होती आणि तिची किंमत त्याला मिळावयास हवी होती. पण ती किंमत तिच्या एकटीच्या ओटीतून निघावी, असे या भूमीतील जुन्या न्यायांना वाटत नव्हते. त्यात गावाचा, पंचक्रोशीचा आणि राजाचा वाटा होता. तो वाटा अद्याप भरावयाचा राहिला आहे.